रिकामं परत आलेलं भांडं

"याही खेपेला पातळच आहे गं. चमचे कशाला मांडतेस, पेले मांड."

"हळू बोल, लव्हॉन. तिची लेक आलीय आज."

"आली तर आली. मी काय खोटं बोलतेय? मिल्टन बिचारा सुटला. आज त्याला हे गिळावं लागणार नाही."

"मग? मागच्यासारखं तूच बघशील ना?"

"बघते की. गरम पाण्याचा नळ सोडला की दोन मिनिटांत सगळं वाहून जातं. भांडं लख्ख धुऊन ठेवते. रिकामं दिसलं की मार्लिसचा जीव थंड."

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला लागून एक अरुंद कोठी होती. तिथे कॉफीचे गाळणकागद शोधायला शिरलेली कोरीन हातातला गठ्ठा तसाच धरून उभी राहिली. मधली भिंत फळ्यांची, पलीकडचा काटेचमच्यांचा आवाजसुद्धा आपल्याच खिशातून यावा तसा येत होता. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. फक्त कानांच्या पाळ्या गरम झाल्या. लहानपणी आईचं पाकीट उघडताना सापडली होती, तेव्हा झाल्या होत्या तशा. मागच्यासारखं, असं लव्हॉनच्या सोबतची आर्डिस म्हणाली होती. मागची वेळ म्हणजे नोव्हेंबर. त्या दिवशी घरी परतताना आईने काचेचं भांडं मांडीवर उलटं करून दाखवलं होतं, "बघ, थेंब ठेवला नाही लोकांनी," असं म्हणाली होती, आणि कोरीनने रस्त्यावरची नजर न काढता, "कोण ठेवेल?" असं उत्तर दिलं होतं. त्याच्याही आधी सप्टेंबरात एकदा. आणि आज सकाळी तेच भांडं वरून चंदेरी कागद घट्ट लावून आईच्या मांडीवर होतं. पुलाच्या वळणावर गाडी कलली तेव्हा त्या कागदाखाली काहीतरी सळकन एका बाजूला गेलं, आणि गाडी सरळ झाल्यावर लाटेसारखं परत आलं. थिजलेल्या जेलीचा आवाज होत नाही. ते दोघींनाही ठाऊक होतं. आवाज दोघींनी ऐकला. आईने खिडकीबाहेर बघून, "नदीवरचा बर्फ फुटायला लागला वाटतं," असं म्हटलं, आणि कोरीनने, "हो, यंदा लवकरच," असं म्हटलं.

मार्लिस टॉलेफसनचं हिरवं सॅलड. खाली लेट्यूसचं एक पान अंथरलं की जगातली कुठलीही गोष्ट सॅलड होते, असं कोरीनचे वडील म्हणायचे. आपल्या खुर्चीखाली पान ठेवून पाहायला हवं, असंही म्हणायचे. लिंबाच्या वासाची हिरवी जेली, तिच्यात दाणेदार ताजं चीज, अक्रोडाचे तुकडे, आणि अननस. आईच्या चांगल्या दिवसांत ते भांड्यातून येत नसे. तांब्याच्या रंगाचा, मध्ये भोक असलेला गोल साचा होता. एरवी तो चुलीवरच्या खिळ्याला टांगलेला असे. साचा क्षणभर गरम पाण्यात बुडवायचा, वर ताट पालथं घालायचं, श्वास धरायचा आणि उलटायचा. आई कान साच्याला लावायची. आतून पप्पकन बारीकसा आवाज आला की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणीतरी तिला तिच्या लग्नाआधीच्या नावाने हाक मारली. मग वडील टेबलावर मूठ आपटायचे. तो हिरवा डोंगर अंगभर थरथरायचा, वडील म्हणायचे, "बघ कोरी, तुझ्या आईला घाबरला," आणि थोरला भाऊ क्रेग हसून हसून दूध नाकातून काढायचा. दर रविवारी तोच विनोद. आज कोरीन चोपन्न वर्षांची होती, एका दवाखान्याच्या खिडकीशी बसून लोकांना तारखा देत होती. नवरा सोडून अकरा वर्षं झाली होती. पण डोळे मिटले की टेबलावर मूठ आपटल्याचा तो आवाज तिला छातीत ऐकू यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ ते थरथरणं. एखादी गोष्ट इतकी मऊ असून इतकी खंबीर असू शकते, हे तिने पहिल्यांदा त्या ताटात पाहिलं होतं.

आणि अननस डब्यातलाच हवा. ताजा घातला तर जेली धरत नाही. त्या फळात असं काहीतरी असतं की ते तिला बसूच देत नाही, आतून खात राहतं. हे या शहरात कोणाला ठाऊक नसलं तरी मार्लिसला ठाऊक होतं, कारण ते तिचं पोट भरायचं काम होतं. एकवीस वर्षांची असताना ती एका मोठ्या पिठाच्या कंपनीच्या चाचणीघरात लागली होती. पांढरा कोट, केसांवर जाळी, आणि ओळीने बारा चुली. पाकिटाच्या पाठीवर छापायची कृती तिथल्या मुली आधी बरोबर करून बघत, आणि मग दिवसभर चुकवून बघत. आईचा हात चुकवण्यात फार चांगला, असं तिची मुख्य म्हणायची. एक अंडं जास्त घाल. पाणी उकळूच नको. डाव भरताना कुणाशी तरी फोनवर बोलत असल्यासारखा भर. रडत असलेली बाई हे पीठ कसं ढवळेल, तसं ढवळ. देशभरातल्या स्वयंपाकघरांत जे जे बिघडू शकतं, ते सगळं आधी मार्लिसने बिघडवलेलं असायचं, आणि काय झालं ते वहीत लिहून ठेवलेलं असायचं. एकाच बिघाडाचा तीनदा एकच निकाल आला की तो पक्का. क्रेग पोटात असताना कोटाची बटणं लागेनात, तेव्हा कंपनीने तिला घरी पाठवलं. तशीच रीत होती. कोणी भांडलं नाही. पण तिचा हात सोडवेना म्हणून पत्रं तेवढी घरी पाठवत राहिले.

त्या पत्रांची चव कोरीनच्या जिभेवर अजून होती. ती सहा-सात वर्षांची असेल. दर मंगळवारी तपकिरी पाकीट यायचं, आणि टेबलावर परगावच्या बायकांच्या तक्रारींचा ढीग पडायचा. केक मधे बसला. माझ्या सासूबाईंसमोर जेली ओघळली. आई टाइप करायची आणि खाली एका बाईची सही करायची, जी कधी जन्मालाच आलेली नव्हती. कंपनीने तिचं नाव, हसू, केसांचं वळण, सगळं ठरवून दिलेलं होतं. तिकिटं चाटायचं काम कोरीनकडे. त्या डिंकाची गोडसर, किंचित पुदिन्यासारखी चव, आणि सोबत अंतराळवीर पितात म्हणून घराघरात प्यायचं ते संत्र्याच्या भुकटीचं पाणी. दोन्ही मिळून जी चव व्हायची, तिला कोरीन मनातल्या मनात 'मंगळवार' म्हणायची. जेलीच्या पत्रांना आईचं उत्तर ठरलेलं असे. पहिली ओळ, तुमच्या हातून काही विशेष चुकलेलं नाही, असं चांगल्या चांगल्या बायकांच्या बाबतीत होतं. दुसरी ओळ, आपण ताजा अननस तर वापरला नाहीत ना? कोरीनने एकदा विचारलं होतं, "पण चुकलंय तर चुकलं असं का नाही सांगायचं?" आईने यंत्रावरचा हात न थांबवता सांगितलं, "सांगायचंच असतं. पण आधी तिला खुर्चीवर बसवायचं. उभ्या माणसाला असं काही सांगू नये."

"गाळणकागद विणतेस की काय आतमध्ये?" लव्हॉनने कोठीचं दार ढकललं. साठी उलटलेली, हातात ओव्हनचे फुलाफुलांचे मोजे, चेहरा वाफेने लाल. कोरीनला बघून तिचा चेहरा आणखी लाल झाला. तिने एकदा फळ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. "ऊब चांगली आहे इथे," ती म्हणाली.

"हो ना," कोरीन म्हणाली.

"मिल्टनला ओव्हनमधलं बटाट्याचं हॉटडिश फार आवडायचं. वर कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स. मी दुप्पट घातलेत आज."

"छान केलंस, लव्हॉन."

या भागातली माणसं अशीच भांडतात.

बाहेर सभागृहात मिल्टनच्या अंत्यविधीनंतर साठेक माणसं जेवत होती. लोणी लावलेले पाव, त्यांत हॅम. बटाटे. लोणच्याची काकडी. कॉफी. मिल्टन हाऊगनने चौतीस वर्षं या चर्चचा पियानो सुरात ठेवला होता, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी त्याच्या किल्ल्यांच्या पेटीची गोष्ट होती. आज चर्चमधल्या बायकांच्या रूथ मंडळाची जेवणाची पाळी, आणि मंडळाच्या यादीत मार्लिसच्या नावापुढे चाळीस वर्षं एकच शब्द, सॅलड. आई मिल्टनच्या बायकोशेजारी बसून तिचा हात थोपटत होती. निळा स्वेटर, मोत्याच्या कुड्या, केस नीट. कोणाला वाटावं, ही बाई अजून बारा चुली सांभाळेल. कोरीन जवळ गेली तेव्हा ती कोरीनच्या वडिलांची आठवण सांगत होती, "आणि नॉर्मन म्हणायचा, पियानो बिघडत नसतो, तो नाराज होतो. मिल्टन येऊन त्याची समजूत काढायचा." मिल्टनची बायको हसली, रडली. "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. आईने पेल्यातली कॉफी ढवळली, पेला खाली ठेवला, आणि म्हणाली, "आणि नॉर्मन काय म्हणायचा ठाऊक आहे? म्हणायचा, पियानो बिघडत नसतो, तो नाराज होतो." मिल्टनची बायको पुन्हा हसली. अगदी पहिल्यासारखी हसली, फक्त अर्धा क्षण उशिरा. आजच्या दिवशीही तिला ते जमलं.

इथे सगळ्यांना ते जमतं. शेजारच्या टेबलावर लिंबाच्या वड्यांच्या ताटात एक वडी उरली होती. कोणीतरी तिची अर्धी घेतली. मग हाऊगनांचा मेहुणा आला, त्याने सुरी घेऊन उरलेल्या अर्धीचीही अर्धी केली, आणि सुरी काठावर ठेवून अपराध्यासारखा निघून गेला. मग एक मुलगी आली, तिने त्या पाव वडीची अर्धी केली. शेवटी ताटात नखाएवढा तुकडा उरला. तो आता ताटाबरोबर घरी जाईल. या तळघरात शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. उचलला तर आकाश कोसळेल असं नाही, पण कोणी उचलल्याचं कोणाला आठवतही नाही. कोरीन लहान असताना एकदा तिचा हात पुढे गेला होता. आईने तो वरच्या वर पकडला होता आणि कानात म्हटलं होतं, "तो ताटाचा असतो."

सॅलडचं भांडं वाढपाच्या टेबलावर टोकाला होतं. कडेने कोणीतरी दोनदा डाव बुडवलेला दिसत होता. हिरवं पाणी, वर चीजचे कण, आणि त्यात पिवळेधमक, टणक, धागे दिसणारे अननसाचे तुकडे. ताजे. कोरीनने ते सप्टेंबरातच ओळखले होते. ओळखले होते आणि त्याचा तिने एक हिशेब मांडून ठेवला होता, जो ती रात्री डोकं उशीला टेकताना रोज एकदा तपासून बघायची. हिशेब असा, की चार वर्षांपूर्वीच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आपणच भर टेबलावर म्हणालो होतो, "आई, डब्यातलं अजून कोण खातं? त्या डब्यांच्या आतल्या थराने काय काय होतं, वाचत नाहीस का?" त्या दिवसांत कोरीनच्या फ्रिजमध्ये फक्त पालेभाज्या असायच्या आणि बोलण्यात फक्त धोके. आई हसून म्हणाली होती, "त्याच्यावरच तुझी हाडं झाली गं. वाजवून बघ." पण लागलं असणार. लागल्यामुळेच तिने लेकीसाठी ताजा अननस आणायला सुरुवात केली असणार. ठाऊक असूनसुद्धा. म्हणजे विसर वगैरे काही नाही. ही आपली चूक, आपला उद्धटपणा. कोरीनला या हिशेबाचा आधार वाटायचा. अपराधी असणं तिला परवडत होतं. अपराध म्हणजे निदान आपल्या हातातली गोष्ट. दुसरी एक पळवाट तिने अजून मागे राखून ठेवली होती. आई मुद्दाम चुकवत असेल. जुनी सवय. करून बघत असेल. क्रेगचा ॲरिझोनाहून फोन येतो, "कशी आहे?" आणि कोरीन म्हणते, "ठणठणीत." तो म्हणतो, "बरं झालं," आणि त्या 'बरं झालं'मध्ये तोही हिशेब तपासत असल्याचा आवाज येतो.

ती भांड्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या नाकात अचानक गरम ॲल्युमिनियमचा वास भरला. बुधवार. बुधवारी आईची गायनाची तालीम असायची, वडील धान्याच्या कोठारावर दुसऱ्या पाळीला, आणि मग त्या तयार जेवणाच्या चंदेरी थाळ्या. मोठ्या खणात मांसाचे काप, एका कोपऱ्यात कुस्करलेले बटाटे, एकात वाटाणे, आणि वरच्या लहान खणात चॉकलेटचा केक. कागद सोलला की वाफेने चष्मा भरायचा. प्रत्येक थाळीत एक तरी वाटाणा केकमध्ये जाऊन बसलेला असायचा, आणि क्रेग म्हणायचा, ज्याच्या केकमध्ये वाटाणा, त्याची इच्छा पुरी होणार. दोघे टीव्हीसमोर जमिनीवर बसून, थाळी मांडीवर पोळत असताना, तो वाटाणा शोधायचे. आईला या थाळ्यांची लाज वाटायची. चाचणीघरात काम केलेल्या बाईने पोरांना विकतचं गोठलेलं अन्न द्यावं! म्हणून ती तालमीला जाताना प्रत्येक थाळीच्या कागदावर काहीतरी लिहून जायची. कोरी, कोपरे आधी गरम होतात, सांभाळ. क्रेग, बहिणीचा केक खाऊ नकोस, मला कळतं. पुढे नारिंगी रंगाचं भांडं आलं, ज्यात उकळत्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा. ज्याचा पाव आत पडेल त्याने शेजारच्याची पापी घ्यायची. वडील म्हणाले, "दिवसभर गहू मी वाहायचा, आणि घरी येऊन पावही मीच भिजवायचा?" आणि मग मुद्दाम पाव पाडला. चार वेळा पाडला. आई लाजून लाल, आणि कोरीन तेरा वर्षांची, मेल्याहून मेल्यासारखी, त्या दोघांकडे न बघता चीजकडे बघत राहिलेली. आता तिला वाटलं, तेव्हा बघायला हवं होतं. सगळे पदार्थ तिला चवीसकट आठवत होते, पण खाऊ घालणारीचा चेहरा तिने कितीदा नीट पाहिला होता? तो तिने गृहीतच धरला होता, टेबलासारखा. आणि आज त्या चेहऱ्यात काहीतरी होतं, जे बसत नव्हतं, आतून थोडं थोडं सैल होत होतं, आणि साठ माणसं नम्रपणे कॉफी पीत होती.

लव्हॉन ट्रे घेऊन टेबलाकडे येत होती. तिची नजर भांड्यावर. कोरीनने एकदम भांडं उचललं. हिरवं पाणी काठावरून तिच्या मनगटावर आलं, गार, चिकट.

"राहू दे, मी करते," लव्हॉन म्हणाली.

"नको. मी करते."

"अगं, मी नेहमी..."

"ठाऊक आहे. म्हणूनच."

लव्हॉनने ट्रे छातीशी धरला. मग तिने खांद्यावरचं फडकं काढलं आणि कोरीनच्या हाताखाली धरलं. "नळ आधी सोड," ती हळूच म्हणाली. "आणि अक्रोड अडकतात, ते हाताने काढ." आणि मग, जाता जाता, मागे न बघता, "तिने मला पाव करायला शिकवलं होतं. माझे पहिले सतरा पाव दगड झाले होते. एकदाही हसली नव्हती."

स्वयंपाकघर रिकामं होतं. कोरीनने गरम पाण्याचा नळ सोडला आणि भांडं कलतं केलं. लिंबाचा तो वास वाफेबरोबर वर आला, जन्मभराचे सगळे रविवार एकदम वर यावेत तसा, आणि हिरवं पाणी गोल गोल फिरत खाली गेलं. अननसाचे तुकडे जाळीवर अडकले. तिने ते बोटांनी गोळा केले. परक्या हातांनी हे व्हायला नको, एवढंच तिला वाटलं होतं. आपल्या हातांनी केल्यावर ते जास्त वाईट वाटेल, हे लक्षात आलं नव्हतं. मग धुवायला तिने भांडं पालथं केलं.

खाली चिकटपट्टी होती. प्रत्येकीच्या भांड्याखाली असते, नावाची. नाही तर साठ भांड्यांत आपलं कसं ओळखायचं? लहानपणापासून आईच्या पट्टीवर एकच शब्द असायचा, 'मार्लिस.' दुसरी मार्लिस या चर्चमध्ये नव्हतीच. आता तिथे एक नव्हे, पाच-सहा पट्ट्या होत्या, एकाखाली एक, काही पाण्याने फिकट झालेल्या. 'मार्लिस टॉलेफसन.' त्याखाली फोन नंबर. दुसऱ्या पट्टीवर घराचा पत्ता, त्या सुबक, पत्रांच्या पाकिटांवरच्या अक्षरात. तिसरीवर, 'गुरुवारी. अकरा वाजता. कोरीन न्यायला येईल.' चौथीवर, 'मिल्टन गेला. त्याच्या बायकोला मिल्टन कसा आहे विचारू नकोस.' आणि सगळ्यांत अलीकडची, नवी करकरीत पट्टी. तिच्यावर नुसतं 'अननस' लिहिलं होतं, आणि पुढे प्रश्नचिन्ह. पेन त्याच जागी बराच वेळ टेकवून ठेवलं असावं. शाईचा ठिपका पसरला होता.

"ओतलंस?"

आई दारात उभी होती. एका हातात स्वतःची पर्स, दुसऱ्या हातात लिंबाच्या वड्यांचं ताट, त्यात तो नखाएवढा तुकडा. कोरीनने नळ बंद केला. भांड्यावरून पाणी ठिबकत होतं.

"लोकांनी संपवलं गं," कोरीन म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लव्हॉनसारखा वाटला. "मी नुसतं विसळतेय."

आईने ताट ओट्यावर ठेवलं. त्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?"

"लिंबाची वडी."

"शेवटचा तुकडा आहे तो, कोरी. चाळीस वर्षं मी या तळघरात भांडी आणतेय. पुरात आणली, हिमवादळात आणली, तुझे वडील गेले त्या आठवड्यात आणली. एकदाही भांडं पूर्ण रिकामं घरी आलं नाही. चांगलं झालं असेल तर एक तुकडा उरतो. वाईट झालं असेल तर बरंच उरतं." तिने ताट जरा पलीकडे सरकवलं. "आणि सप्टेंबरापासून माझं भांडं धुतलेलं येतंय. लख्ख. मी काय कालची पोर आहे?"

"आई, ते माझ्यामुळे झालं," कोरीन भडाभडा बोलायला लागली. "मीच म्हणाले होते डब्यातलं खाऊ नये. त्या थँक्सगिव्हिंगला. म्हणून तू ताजा अननस..."

"तुझं ऐकून मी आजवर काय केलंय? सांग ना एखादी गोष्ट. केस वाढव म्हणालीस, वाढवले? तो सोफा टाक म्हणालीस, टाकला?"

कोरीनला हसू आलं.

"अननस होय," आई म्हणाली, स्वतःशीच. तिने जाळीवरून काढलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. एक उचलून वास घेतला. "मला वाटतच होतं त्यातलंच काहीतरी. फळांच्या दुकानात उभी राहिले की हात आपोआप त्याच्याकडे जातो, आणि मनात कोणीतरी म्हणतं, थांब. पण का थांब, ते सांगत नाही." तिने तुकडा खाली ठेवला, हात पुसला. "दुसऱ्यांदाही धरलं नाही, तेव्हा मी ठरवलं, आणखी एकदा करायचं. आणि बघायचं कोण बोलतंय. कोणी बोललं नाही. गोड माणसं आहेत सगळी. तूसुद्धा."

पलीकडे सभागृहात कोणीतरी पियानोच्या एकाच सुरावर बोट ठेवलं, आणि काढलं.

कोपऱ्यात घडीची एक लोखंडी खुर्ची होती. आईने ती ओढली, उघडली, बसकेवरून हात फिरवला. कोरीनला वाटलं, आई थकली. ती आधार द्यायला पुढे झाली.

"मला नको," आई म्हणाली. "तू बस."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना."

कोरीन बसली. खुर्ची गार होती. आईने तिच्या हातातलं ओलं भांडं काढून घेतलं, फडक्याने आधी आतून पुसलं, मग बाहेरून, मग पालथं करून पट्ट्यांवरून, हलक्या हाताने, शाई फिसकटू नये अशा बेताने. मग ते लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्या हातून काही विशेष चुकलेलं नाही," ती म्हणाली. "असं चांगल्या चांगल्या मुलींच्या बाबतीत होतं."

कोरीनने दोन्ही हातांनी भांड्याचे काठ धरले.

"मी विसरत चाललेय, कोरी," आई म्हणाली. "तीनदा करून पाहिलं. पक्कं आहे."